जेवायला घालायचा सूट

पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले भीमराव ओव्हाळ आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते. खात्यात राहून हे जमवणं सोपं नाही, पण त्यांनी जमवलं होतं. म्हणूनच असेल, साठी ओलांडल्यावर मनापासून खोटं बोलायची वेळ आली तेव्हा त्यांना प्रमाणाचा अंदाज आला नाही. एक म्हणायचं तिथं ते चार म्हणाले.

झालं असं, की त्यांचा मुलगा प्रज्ञेश आणि सून कल्याणी या दोघांनी, म्हणजे हिंजवडीतल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी, मिळून दोन्हीकडच्या आईवडिलांना सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीची सहल घडवायचं ठरवलं. वरवर ही सहल होती. आतून ती एक बैठक होती. प्रज्ञेश-कल्याणीचं लग्न रजिस्टर झालं, तेव्हा पुण्याजवळच्या मांजरी गावाहून कल्याणीच्या घरचं कुणी आलं नव्हतं. पुढं राग निवळला, दिवाळीला फोन होऊ लागले, पण दोन्ही घरं एका टेबलाशी बसून जेवलेली नव्हती. बोटीवर ती बसतील, कारण बोटीवरून उठून कुणाला मांजरीला जाता येत नाही, असा मुलांचा हिशोब होता. आयटीतली मुलं, विचार करून करतात.

एका सकाळी मांजरीहून व्याह्यांचा, हिंदुरावांचा, फोन आला.

"पाव्हणं, ते बोटीवर म्हनं दोन संध्याकाळी सूट घालून जेवायचं असतंय."

"हो, प्रज्ञेश म्हणत होता."

"तुमच्याकडं हाय का सूट? न्हाय, माझ्याकडं एक जास्तीचा हाय. दिऊ का पाठवून?"

आता हिंदुरावांच्या उसाच्या रानात इमारतींचे टॉवर उभे राहिले होते, त्यामुळं त्यांच्याकडं सगळंच जास्तीचं असणं शक्य होतं. पण भीमरावांच्या कानात तो 'जास्तीचा' शब्द शिरला आणि तिथंच बसला. त्यांच्या वडिलांना गावातल्या एका बड्या घरानं असाच एक जास्तीचा कोट दिला होता, कोपरावर विरलेला. वडील तो घालून एकदा बाजाराला गेले, घरी आले, आणि पुन्हा त्यांनी त्याला हात लावला नाही. ही गोष्ट भीमरावांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, आणि फोनवर सांगण्यासारखी तर ती नव्हतीच.

"छे छे," ते म्हणाले. "आमच्याकडे चार आहेत."

"चार?"

"चार. तुम्हालाच एखादा लागला तर सांगा. संकोच करू नका."

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हिंदुराव "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

मेथी निवडत बसलेल्या शालनताईंनी मान वर केली. "काय चार?"

"सूट."

"कुणाचे?"

"आपले."

शालनताईंनी बेडरूममधल्या कपाटाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "अहो, त्या कपाटात तुमची एक सफारी आहे. निरोपसमारंभाची. तिचंही मधलं बटण लागत नाही."

हॉलच्या भिंतीवर बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांचा निळ्या सुटातला फोटो होता. भीमरावांनी तिकडं बघायचं टाळलं.

मुलाला विश्वासात घेऊन प्रकरण मिटवता आलं असतं. पण त्याच संध्याकाळी कल्याणीचा फोन आला. "बाबा, पप्पा सांगत होते तुमच्याकडे चार सूट्स आहेत! प्रज्ञेशला माहीतच नाही! अहो, दोन फॉर्मल नाइट्स आहेत, सो दोन तरी आणाच हं." आता प्रज्ञेशला सांगावं तर तो कल्याणीला सांगणार, कल्याणी मांजरीला सांगणार, आणि मग ते जास्तीचं गाठोडं बिबवेवाडीला आपल्या दारात येऊन पडणार. तेव्हा सूट गुपचूप उभा करणं भाग होतं.

गुपचूप म्हणजे अर्थातच समोरच्या दारातल्या रज्जाकभाईंना सांगून. रज्जाकभाईंचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते आता मुलगा जुनेद बघायचा. रज्जाकभाई एकदा मुलीकडं दुबईला गेले असताना एका नावेवर जेवले होते. ती नाव खाडीतून फक्त एक चक्कर मारून परत आली होती, पण आमच्या सोसायटीत बोटीवर जेवलेला दुसरा माणूस नव्हता, त्यामुळं समुद्राविषयी त्यांचा शब्द शेवटचा असे.

"ओव्हाळसाहेब, एकच घ्या. पण असा घ्या की बघणाऱ्याला वाटावं, अजून तीन आहेत."

हे कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. थोर सल्ले असेच असतात.

पहिल्यांदा भीमराव लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथं सगळे सूट चमकत होते. काहींच्या छातीवर मोर होते.

"लग्न कुणाचं?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"लग्न नाही. जेवायला घालायचाय."

"कुठं?"

"बोटीवर."

त्या माणसानं भीमरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग धुता येईल असा बघा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

अपमान पचवायला भीमरावांना नारायण पेठेपर्यंतचा रस्ता पुरला. रज्जाकभाईंच्या ओळखीचे पोपटराव टेलर तिथं बसत. एवढंसं दुकान, त्यात पोपटराव, मशीन आणि भिंतभर टांगलेले काळे कोट. पोपटरावांनी उभा जन्म वकिलांचे कोट शिवण्यात घातला होता, हे त्या भिंतीकडं पाहून कुणालाही कळलं असतं. भीमरावांनाही कळलं. पण पोपटराव इतक्या ठामपणे म्हणाले, "सूट म्हणजे काय हो, कोटच. कोट माझ्या हाताला पाठ आहे," की 'तीच तर भीती आहे' हे वाक्य भीमरावांच्या ओठांवरच राहिलं. कापडही पोपटरावांनीच निवडलं. काळं. "काळ्याला कुणी नाव ठेवत नाही."

मापं घेताना, ओळख करून द्यायला बरोबर आलेले रज्जाकभाई पुढं सरसावले. "पोपटराव, ढिला ठेवा. बोटीवर दिवसभर जेवण चालू असतं. जाताना गेलेला माणूस येताना तोच राहत नाही."

"किती जेवतात हे?" पोपटरावांनी टेप पोटावर धरून रज्जाकभाईंना विचारलं.

"फुकट असलं की?"

"फुकट धरूनच सांगा."

दोघांनी भीमरावांच्या पोटाकडं बघत थोडी चर्चा केली, आणि पोपटरावांनी टेप सैल सोडून आकडा लिहून घेतला. भीमराव हात वर करून उभे होते. पाटबंधारे खात्यात ते आले की बसलेली माणसं उठत असत, ही गोष्ट त्या वेळी त्यांना उगाचच आठवली.

कोट झाला तेव्हा तो सुटाचा नव्हता. तो शंभर टक्के वकिलाचा होता, फक्त आत एक माणूस जास्तीचा मावेल असा. आतल्या बाजूला एक प्रचंड खिसा होता.

"हा कशाला?"

"वकीलपत्र बसतं."

"मी वकील नाही हो."

"मग मेनूकार्ड ठेवा," पोपटराव म्हणाले, आणि सुईत दोरा ओवू लागले.

रज्जाकभाईंचं म्हणणं पडलं की सूट अंगाला माहीत झाला पाहिजे. रोज थोडा वेळ घालून वावरा, नाहीतर बोटीवर तो परका वाटेल. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात भीमराव टाय-कोट घालून पंख्याखाली बसू लागले. समोर रज्जाकभाई, मध्ये ताट, आणि ताटात काटा-चमच्याच्या सरावासाठी शालनताईंनी नाखुशीनं दिलेली बाजरीची भाकरी. भाकरी सुरीनं कापली जात नाही. ती फुटते. तिसऱ्या दिवशी एक तुकडा उडून रज्जाकभाईंच्या चष्म्यावर बसला, तेव्हा शालनताईंनी ताट उचललं आणि म्हणाल्या, "बोटीवर बाजरी नसेल."

एका सकाळी पाण्याची मोटर बंद पडल्याचा आरडाओरडा झाला आणि भीमराव आहे त्या वेशात खाली धावले. मोटर चालू झाली, पण सी विंगच्या एका गृहस्थांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "ओव्हाळसाहेब! वकिलीची सनद घेतलीत, आणि बोलला नाहीत!" भीमरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मग हा कोट कशाचा, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडं पार्किंगच्या जागेचा एक तंटा, गच्चीवरच्या गळतीची एक तक्रार आणि एक भाडेकरार आला. करार त्यांनी खरंच वाचला, त्यात एक चूकही काढली, आणि पक्षकार गेल्यावर पंख्याखाली बसून बराच वेळ कपाळ पुसत राहिले. एका खोट्याला किती फांद्या फुटतात, हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

निघायच्या दिवशी कोट चुरगळू नये म्हणून शालनताईंनी इस्त्री बरोबर घेतली, आणि इस्त्रीला धक्का लागू नये म्हणून ती कोटात गुंडाळली.

बोट पाहिल्यावर भीमराव क्षणभर सगळं विसरले. बिबवेवाडीतल्या इमारती एकावर एक ठेवल्या असत्या तरी तिच्या वरच्या गॅलरीपर्यंत पोहोचल्या नसत्या. बॅगा बंदरावरच घेतल्या गेल्या, त्या केबिनच्या दाराशी येणार होत्या. आजूबाजूच्या केबिनींच्या आल्या. भीमरावांची आली नाही. मग फोन खणखणला आणि एका गोड आवाजानं त्यांना सगळ्यात खालच्या मजल्यावर सुरक्षा विभागात बोलावलं.

तिथं खाली मान घातलेल्या लोकांची एक रांग होती आणि रांगेत हिंदुराव होते. दोन्ही व्याही मुलांच्या पाठीमागं प्रथमच असे समोरासमोर आले, तेही आरोपी म्हणून.

"तुमचं काय?" हिंदुरावांनी हळूच विचारलं.

"इस्त्री. आग लागते म्हणे. तुमचं?"

"गूळ."

टेबलावर हिंदुरावांची बॅग उघडी होती आणि तीत फडक्यात बांधलेली गुळाची अख्खी ढेप होती. मशीनमधून पाहिल्यावर ती काय दिसली असेल ते दिसली असेल, पण दोन अधिकारी तिच्यापासून अंतर राखून उभे होते. हिंदुरावांना इंग्रजी येत नव्हतं. भीमरावांना येत होतं, पण ते खात्याचं. त्यांनी घसा साफ केला.

"सर, विथ रेफरन्स टू..." म्हणता म्हणता त्यांची जीभ अडखळली. मग ते सावरून म्हणाले, "सर, धिस इज सॉलिड शुगर. फ्रॉम हिज ओन फार्म. सबमिटेड फॉर युवर काइंड परमिशन." आणि अधिकाऱ्याला पटेना, तेव्हा त्यांनी ढेपेचा एक कोपरा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. सगळे काही क्षण त्यांच्याकडं बघत राहिले. भीमराव जिवंत राहिले. गूळ सुटला. इस्त्री मात्र प्रवास संपेपर्यंत जप्त झाली.

"बरं झालं तुम्ही हुता," जिन्यावर हिंदुराव म्हणाले. आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण त्यांची नजर भीमरावांच्या हातातल्या चुरगळलेल्या काळ्या कोटावर गेली आणि ते पुढच्या पायरीकडं वळले. "बाकीचे तीन दुसऱ्या बॅगेत आहेत," भीमराव म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूट घालून जेवायचं होतं. इस्त्रीविना कोटाचं करायचं काय? रज्जाकभाईंनी फोनवर उपाय सांगितला: बाथरूममध्ये गरम पाणी सोडायचं, कोट टांगायचा, वाफेनं सुरकुत्या जातात. बाथरूम आपल्याकडच्या कपाटाएवढी होती. भीमरावांनी दार लावून घेतलं. सुरकुत्या खरंच गेल्या. पण वाफेनं आतलं बकरम, म्हणजे छातीला चिकटवलेलं कडक कापड, सुटलं आणि कोटाच्या छातीवर फुगे आले, पुरी फुगते तसे. एक दाबला की दुसरा वर येई.

शालनताईंनी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "श्वास हळू घ्या."

त्या स्वतः निळी रेशमी साडी नेसून तयार होत्या. त्यांना कुणी फोन करून साड्या किती आहेत असं विचारलं नव्हतं.

जेवणाच्या हॉलमध्ये झुंबरं होती, पांढऱ्या हातमोज्यांचे वेटर होते आणि प्रत्येक ताटाशेजारी लग्नाच्या आहेरात मिळावेत एवढे चमचे होते. प्रज्ञेश वडिलांकडं बघून थबकला.

"बाबा, हा कुठला?"

"चारांतला," भीमराव म्हणाले आणि बसले. बसताना एक फुगा वर आला.

मग हिंदुराव आले. राखाडी सूट, अंगाबरोबर, खांद्यावर कुठं सुरकुती नाही. त्यांच्यामागं सुंदराबाई, हिरव्या पैठणीत. सगळे एका टेबलाशी बसले. कल्याणीनं फोटो काढला. सूप आलं. कुणाला काय बोलावं सुचेना, तेव्हा भीमराव विहीणबाईंना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "सूट फार छान आहे व्याह्यांचा."

सुंदराबाई साध्या होत्या. त्यांना वाटलं, बोलायला विषय मिळाला.

"दोन शिवलं हुतं की," त्या म्हणाल्या. "एकाच कापडाचं. एक ह्यांना आन् एक तुमास्नी. तुमचं माप कल्याणीनं गुपचूप घितलं हुतं, जुन्या सदऱ्यावरनं. लग्नात व्याह्याचा आहेर राहिला न्हवं आपल्याकडनं, म्हणून. तर तुमी म्हनला चार हायेत. मग ह्यांनी दिला माझ्या भावाला. त्याला कुठं बसतुया, पर घिऊन गेला."

"आगं ए," हिंदुराव म्हणाले. पण बोलून झालं होतं.

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता आणि वेटर टाळ्या वाजवून गाणं म्हणत होते. भीमरावांचे कान तापले. मग गाल. मग मान, टायच्या गाठीपर्यंत. त्यांना तो फोन आठवला, पलीकडची ती शांतता आठवली आणि 'संकोच करू नका' हे स्वतःचं वाक्य आठवलं. त्यांच्या सूनबाईनं जुन्या सदऱ्यावरून माप घेतलं होतं, आणि त्यांनी पोपटरावांसमोर हात वर करून... आता बोटीचा तळ उघडला असता तर ते विनातक्रार खाली गेले असते.

अजूनही वाट होती. बाकीचे तीन केबिनमध्ये आहेत, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं.

"चार नव्हते," भीमराव म्हणाले. त्यांनी ते सुपाला सांगितलं. "एकही नव्हता. हा नारायण पेठेत शिवला. वकिलाचा कोट आहे हा."

कल्याणीनं तोंडावर हात ठेवला. प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, मला सांगायचं ना!" शालनताईंनी नवऱ्याच्या पुढ्यातला पाण्याचा पेला जवळ सरकवला.

हिंदुरावांनी ताटाशेजारचा एक चमचा उगाचच सरळ केला. "माझंबी चुकलं," ते म्हणाले. "जास्तीचा म्हनलो. आहेर म्हनायचं हुतं."

"मग म्हणायचंत."

"आहेर म्हनलो असतो, तर तुमी इचारलं असतं, लग्नाला का न्हाय आलासा."

"विचारलं असतं," भीमराव म्हणाले.

"मग? काय सांगणार हुतो मी?"

कल्याणी खाली बघत होती. हिंदुरावांचं नाक लाल झालं होतं आणि ते लपवायला त्यांच्याकडं रुमालाऐवजी पंख्यासारखा घडी घातलेला नॅपकिन होता. त्यांनी तोच वापरला. मग ते एकदम उठले, अंगातला राखाडी कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तुमचा द्या हिकडं."

"अहो, याला फुगे आलेत."

"द्या म्हनतो न्हवं."

भीमरावांनी काढून दिला. पोपटरावांनी सोडलेली सगळी ढिलाई हिंदुरावांच्या देहानं भरून काढली. कोट त्यांना असा चपखल बसला, की मांजरीच्या जमिनीचे सगळे खटले आता तेच चालवतील असं वाटावं. सुंदराबाईंनी छातीवरचा एक फुगा बोटानं दाबला. "बरा दिसतुया," त्या म्हणाल्या.

भीमराव शर्ट आणि टायमध्ये बसले होते. एक वेटर अदबीनं वाकला आणि म्हणाला की क्षमा असावी, पण आज संध्याकाळी सर्व सभ्य गृहस्थांनी कोट घालून बसण्याची पद्धत आहे.

सगळ्यांनी खुर्चीवरच्या राखाडी कोटाकडं पाहिलं. हिंदुरावांनी तो उचलून दिला नाही. ते त्याला हातही न लावता उभे राहिले आणि भीमरावांच्या तोंडाकडं बघू लागले. वेटरही वाकलेलाच राहिला. शेजारचं गाणं संपलं.

"मला होईल का हा?" भीमरावांनी विचारलं.

"मोठा हुईल."

"होऊ दे."

ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी तो कोट स्वतःच्या हातानं उचलून घातला. खांदे उतरले, बाह्या बोटांच्या पुढं गेल्या. ते आपल्या जागी येऊन बसले तेव्हा हाताची नखंसुद्धा दिसत नव्हती. शालनताईंनी त्यांचा एक हात ओढून घेतला, बाही आत दुमडली, मग दुसरा हात घेतला. पोराला शाळेत धाडताना करतात तसं, भर हॉलमध्ये. भीमरावांनी करू दिलं.

सूप गार झालं होतं. त्यांनी ते मान वर न करता सगळं प्यायलं.